पहिली तक्रार कुणाची?

‘क्लस्टर वर येत नाही’ असा निरोप येतो, तेव्हा सोबत बहुधा एकच ओळ असते: ६४४३ पोर्टवर कनेक्शन रिफ्यूज्ड. कुबरनेटीसचा एपीआय सर्व्हर या पोर्टवर बसतो, म्हणून सगळे त्याच्यामागे लागतात. मी ती ओळ चांगली बातमी मानतो. नकार आला, म्हणजे मशीनपर्यंत आपण पोचलो; फक्त तिथे ऐकणारं कुणी नाही. वाट पाहून टाइमआउट झाला असता, तर आधी सिक्युरिटी ग्रुप आणि राउटिंग तपासलं असतं.

मग ऐकणारा उठला का नाही? क्युबअ‍ॅडमने उभारलेल्या क्लस्टरमध्ये एपीआय सर्व्हर आणि बहुधा इटीसीडीही क्युबलेट उठवतो. एकदा देखभालीसाठी मशीन रीबूट केल्यावर तोच दर १० सेकंदांनी उठत होता आणि पडत होता. लॉगच्या तळाशी नुसती त्याची नोंद. वर सरकत रीबूटच्या क्षणापर्यंत गेलो, तेव्हा कारण सापडलं: स्वॅप चालू. उभारणीच्या वेळी स्वॅप बंद केला होता, पण एफएसटॅबमधली ओळ तशीच राहिली होती. रीबूट होताच तो परत आला, आणि स्वॅप चालू असला की क्युबलेट मूळ सेटिंगमध्ये सुरूच व्हायला तयार नसतो. तोवर क्लस्टर बिनतक्रार चालला होता, त्यामुळे ‘आम्ही काहीच बदललं नाही’ हे टीमचं म्हणणं अगदी खरं होतं.

सर्टिफिकेटचंही तसंच. क्युबअ‍ॅडमची बहुतेक सर्टिफिकेटं १ वर्षाची असतात. दीर्घकाळ बंद ठेवलेला क्लस्टर कुणी हात न लावताही अडतो. शिवाय ओरडणाराच दोषी असतो असं नाही: इटीसीडीच्या ३ सभासदांपैकी २ गेले, तर आरडाओरडा उरलेल्या तिसऱ्याच्या लॉगमध्ये दिसतो. त्याचं स्वतःचं काहीच बिघडलेलं नसतं. म्हणून मी सगळ्या नोडचे लॉग वेळेनुसार एकाखाली एक लावतो आणि पहिली तक्रार कुणाची, ते शोधतो. त्याआधी घड्याळं जुळतात ना, हे पाहावं लागतं.

क्लाउडवर या कामाचा खरा शत्रू म्हणजे घाई. तपासणीत नापास झालेला नोड ऑटोस्केलिंग काढून टाकतं, नवा आणतं, आणि जुन्याच्या डिस्कवरचा लॉग त्याच्याबरोबर जातो. नवा नोडही त्याच कारणाने पडतो. तेव्हा तरुण सहकाऱ्यांना एवढीच विनंती: क्लस्टर पाडून नव्याने उभारण्याआधी लॉग बाहेर उतरवून घ्या.