आठवीपर्यंतची शाळा

अमिश समाजाच्या शाळांविषयी प्रथम वाचले, तेव्हा माझ्यातल्या शिक्षकाला त्यांचा हेवा वाटला. अमेरिकेत, पेन्सिल्वेनियातील लँकेस्टर परगण्यात, शेतांच्या मधोमध अशा एकखोली शाळा आजही भरतात. पहिली ते आठवीची मुले एकाच छताखाली बसतात. शिकवणारी बहुधा त्याच समाजातली अविवाहित तरुणी. तिचे स्वतःचे शिक्षणही बहुतेक वेळा आठवीपर्यंतचेच. एक इयत्ता तिच्यापुढे वाचत असते, तेव्हा बाकीची मुले आपापली गणिते सोडवतात. सहा वर्षांचे मूल शाळेत येते ते घरची पेन्सिल्वेनिया जर्मन बोली घेऊन. इंग्रजी ते मुख्यतः शाळेत शिकते. पण ही इंग्रजी घरच्या बोलीला घराबाहेर काढीत नाही. मराठी शिकवणाऱ्याला याचे अप्रूप वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु ही शाळा आठवीला थांबते, आणि माझा हेवाही तेथेच अडखळतो.

विस्कॉन्सिन राज्यात सोळाव्या वर्षापर्यंत शाळा सक्तीची होती. मुलांना आठवीनंतर न पाठवणाऱ्या तीन पालकांना प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९७२ साली निकाल पालकांच्या बाजूने लागला. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मात्र अंशतः भिन्न मत नोंदवले. मुलांना स्वतःला काय वाटते, हा त्यांचा प्रश्न होता. तिघांपैकी एकाच मुलीची साक्ष झाली होती. ती पालकांशी सहमत होती. उरलेल्यांपैकी एखाद्याला पियानोवादक, अंतराळवीर वा समुद्रशास्त्रज्ञ व्हावेसे वाटले तर?

हा प्रश्न मला परका वाटत नाही. आमच्या महाविद्यालयातली एक उत्तम वाचणारी विद्यार्थिनी दुसऱ्या वर्षानंतर शिक्षण सोडत होती. ‘घरचे नको म्हणतात,’ ती म्हणाली. ‘आणि तुला काय वाटतं?’ असे विचारल्यावर ती गप्प राहिली. हे कुणी विचारील, याची तिला सवयच नसावी.

समाजाला आपली जीवनपद्धती जपण्याचा अधिकार आहे, हे मला मान्य आहे. पण ज्या बोलीच्या टिकण्याचे मला कौतुक वाटते, तिच्यामागे आठवीनंतर मिटणारे हे दारही आहे. एकाचे कौतुक करून दुसऱ्याकडे पाठ फिरवता येत नाही. ती बोली आज सुखरूप आहे. तिच्यात वाढलेल्या त्या दोन मुलांना काय म्हणायचे होते, ते मात्र न्यायालयाच्या नोंदीत नाही.