दावं

आमच्या वस्तीवर मोबाईलला रेंज दोनच ठिकाणी मिळते. एक विहिरीच्या कडेला टाकलेल्या मुरमाच्या ढिगावर आणि दुसरी घराच्या स्लॅबवर, पाण्याच्या टाकीपाशी. सांगोल्याकडचं हे उघडं माळरान. उन्हाळ्यात दोन्ही जागा तव्यासारख्या तापतात. फोन आला की माणूस हातातलं टाकून ढिगावर पळतो, एका पायावर उभा राहून ओरडून बोलतो, आणि अख्ख्या शिवाराला त्याच्या घरातली बातमी कळते. यात आम्हाला कधी काही वावगं वाटलं नाही.

२०२० च्या मार्चात टाळेबंदी लागली आणि थोरला मुलगा अन् सून पुण्याहून वस्तीवर आले. मुलाची चाकणची कंपनी बंद पडली होती. सुनेची मात्र चालू होती. तिचं काम हिशेबाचं. कंपनीनं सांगितलं होतं, लॅपटॉप घरी न्या आणि घरूनच काम करा. आता ज्यांचं घर शहरात त्यांना हे सोपं. आमच्याकडं तार नाही, वायर नाही. त्या दोघांच्या मोबाईलची कार्डं ज्या कंपनीची, तिला आमच्या शिवाराचा पत्ताच नव्हता. रेंज होती ती माझ्या कार्डाला. आणि माझा फोन म्हणजे मुलानंच दोन वर्षांपूर्वी दिलेला, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला.

मुलगा म्हणाला, “आबा, तुमचं कार्ड काढून हिच्या फोनमध्ये टाकू या.”

मी नाही म्हणालो. माझा नंबर सगळ्यांकडं. डाळिंबाचा व्यापारी, सोसायटी, औषधाचं दुकान, पाव्हणेरावळे. कार्ड गेलं तर मी राहिलो काय? असं बोललो खरा, पण आतली गोष्ट वेगळी होती आणि ती इथं लिहायला हवी.

२०१८ ला यांचं लग्न ठरताना बैठकीत मी चारचौघांत म्हणालो होतो, “आमच्या घराला सुनेच्या पगाराची गरज नाही.” तिच्या वडिलांनी मान हलवली. पुढं वर्षाच्या आत तिनं पुण्यात नोकरी धरली. मी दोन महिने पोराशी बोललो नव्हतो. आणि आता तीच नोकरी माझ्या फोनवरून चालायची होती.

तोड मुलानंच काढली. फोन माझाच राहील, कार्ड माझंच राहील, फक्त फोनातलं इंटरनेट लॅपटॉपला द्यायचं. त्याला म्हणतात हॉटस्पॉट. आमची मंडळी त्याला ‘हाटसपाट’ म्हणायची. मला ते लगेच समजलं, कारण आपल्या पाण्यासारखंच आहे. टॉवर म्हणजे कालवा, फोन म्हणजे चारी, आणि लॅपटॉप म्हणजे रान. कालवा रानापर्यंत येत नाही, चारीनं पाणी आणावं लागतं. फोन टॉवरकडून घेतो आणि आपल्या भोवती पंधरा-वीस पावलांत वायफाय म्हणून सोडतो. लॅपटॉपला नाव आणि पासवर्ड दिला की ते शिरतं. यातला मोठा फायदा असा की फोन रेंजमध्ये ठेवता येतो आणि माणूस सावलीत बसू शकतो. स्लॅबवर फोन, खाली जिन्यालगतच्या खोलीत सून. मधे स्लॅब असला तरी जिन्याच्या दारातून तेवढं उतरायचं.

पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. ऊन लागू नये म्हणून फोन स्टीलच्या डब्यात घालून झाकण लावलं आणि टाकीखाली ठेवला. खालून सून ओरडली, “मामा, नेट गेलं!” पत्र्याच्या आत लाटा शिरत नाहीत की बाहेर येत नाहीत, हे मला कुठलं ठाऊक? मग मंडळीनं भाकरीची कापडी पिशवी दिली. टाकीच्या सावलीच्या बाजूला खिळा मारून ती अडकवली. सावली फिरली की पिशवी फिरवायची. हे काम माझ्याकडं आलं.

दुसरी अडचण आली ती मापाची. रोजचा दीड जीबी. पहिले तीन दिवस दुपारी बाराच्या आतच सगळा संपायचा. संपला म्हणजे बंद होत नाही, पण झिरपल्यासारखं यायला लागतं. साधी चिठ्ठीसुद्धा जाता जात नाही. रात्री बारा वाजल्यावर पुन्हा नवा दीड जीबी. सून म्हणायची, मी तर एवढं काही वापरलं नाही. मी मनात म्हणालो, सिनेमे बघत असतील दोघं.

लहानपणी मी आत्याच्या गावी माळशिरस तालुक्यात राहायला जायचो. तिथं नीरा उजव्या कालव्याचं पाणी. आत्याचं रान चारीच्या शेपटाला. पाळी आली की रात्री कंदील घेऊन आत्याचा नवरा चारीच्या कडंनं वर चालत जायचा, मी मागं. कारण पाणी सुटलेलं असायचं, पण आपल्या वाफ्यात पोचायचं नाही. वर कुणीतरी गुपचूप पाट फोडून आपल्या रानात वळवलेलं असायचं. भांडण न करता मातीचा गोळा लावून पाट बुजवायचा आणि तिथंच बसून राहायचं.

इथंही तसंच निघालं. मुलानं लॅपटॉप उघडून बघितलं तर तो स्वतःच मागच्या दारानं विंडोजचं अपडेट उतरवून घेत होता. त्याला वाटायचं, वायफाय आहे म्हणजे घरात तार आहे, पाहिजे तेवढं प्यावं. हे मोजून मिळणारं पाणी आहे हे त्याला सांगावं लागतं. त्यासाठी मीटर्ड कनेक्शन म्हणून एक खटका असतो. तो दाबला आणि पाट बुजला. त्या दिवसापासून दीड जीबी संध्याकाळपर्यंत पुरायला लागला. मी सुनेवर उगाच संशय घेतला होता, पण तसं बोलून दाखवलं नाही.

एप्रिल गेला. डाळिंबाला आंबे बहार धरलेला, बागेला फळं लागलेली, आणि माल जाणार कुठं याचा पत्ता नाही. मुलाचा पगार निम्मा झाला, मग तोही थांबला. सोसायटीचा हप्ता कसा भरायचा म्हणून मी एक दिवस मुलाला विचारलं. तो म्हणाला, “भरला की. तिच्या खात्यातून.” कधी भरला, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. बैठकीतलं माझं वाक्य घरात सगळ्यांच्या ध्यानात होतं, म्हणून कुणी सांगितलं नसावं.

मे महिन्यात सून दोन दिवस गप्प गप्प होती. मंडळीनं विचारलं तेव्हा कळलं की कंपनी माणसं कमी करणार आहे. साहेब एकेकाला लॅपटॉपवर समोर घेऊन कामाचा हिशेब विचारणार. हिची वेळ दुपारी चारची. चारला आमच्याकडं स्लॅबवर पाय ठेववत नाही. फोन तापला की त्यावर पाटी येते आणि हॉटस्पॉट आपोआप बंद पडतो. हे दोनदा झालेलं. मी म्हणालो, “मी बसतो फोन घेऊन.” टाकीच्या सावलीत पोतं टाकलं, शेजारी ओलं फडकं अंथरून वारा लागेल असा फोन धरून बसलो. खालून तिचा आवाज येत होता. इंग्रजी. मला कळत नव्हतं, पण सूर कळत होता. पहिल्यांदा कापरा होता, मग हळूहळू ठाम झाला. मला बरं वाटलं.

आणि लाईट आली.

शेतीच्या लाईटीचं ज्याला माहीत नाही त्याला हे समजायचं नाही. आठ तास थ्री फेज, कधी दिवसा, कधी रात्री, आणि त्यातही मधे जाते. त्या दिवशी सकाळपासून नव्हती. मोटारीला ऑटो बसवलेला आहे, ती आपली आपण सुरू होते, पण ठिबकचे कॉक फिरवायला माणूस लागतो. नाहीतर एकाच प्लॉटला पाणी चालू राहतं. चाळीस वर्षांत मोटारीचा आवाज ऐकला की माझे पाय मला न विचारता चालायला लागतात. तसेच चालले. फोन मी बंडीच्या खिशात टाकला, कारण वस्तू हातात असली की खिशात टाकायची, हीसुद्धा सवयच. जिना उतरलो, अंगण ओलांडलं, बागेच्या पार खालच्या टोकाला गेलो. दोन कॉक फिरवले. तिसऱ्याला हात घातला तेव्हा मागं सून उभी होती. अनवाणी. ढेकळांतून पळत आलेली, धापा टाकत.

ती काही बोलली नाही. नुसता हात पुढं केला. मी खिशातून फोन काढून दिला. तो हातात घेऊन ती तशीच घराकडं पळाली. त्या रानात रेंज नव्हती, तिला पुन्हा स्लॅब गाठायचा होता.

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ती जेवायला वाढत होती, “मामा, अजून भाकरी?” विचारत होती. मुलगा माझ्याकडं बघत नव्हता. मंडळीनं रात्री अंथरुणावर एवढंच म्हटलं, “तुम्हाला ती नोकरी नको होती म्हणून असं तर नाही ना केलं?” मी चिडलो. पण रात्रभर त्याच प्रश्नावर पडून राहिलो. मुद्दाम केलं नव्हतं, हे नक्की. पण व्यापाऱ्याशी भावाचं बोलणं चालू असतं, तर मी मोटारीच्या आवाजाला असा उठलो असतो का? नसतो उठलो. बाग गेली खड्ड्यात म्हणून बसून राहिलो असतो.

पहाटे मी फोनातलं कार्ड काढायला बसलो. पिन सापडेना, मंडळीची टाचणी घेतली. सून चहा घेऊन आली. मी कार्ड तिच्यापुढं धरलं. “हे घे. तुझ्या फोनमध्ये घाल. मला नको.”

तिनं ते उलटसुलट बघितलं आणि पुन्हा माझ्या फोनात बसवलं. “साहेबांना रात्री मेल केला, नेट गेलं म्हणून. आज नऊला परत घेतो म्हणालेत,” ती म्हणाली. मग थोडं थांबून, “फोन तुमच्याकडंच राहू द्या, मामा. फक्त उठताना सांगत जावा.”

नऊला ऊन बेताचं असतं, म्हणून मुलानं लॅपटॉपच स्लॅबवर आणला. यावेळी वायफायसुद्धा नको म्हणाला. चार्जिंगची वायर फोनला लावली, दुसरं टोक लॅपटॉपला, आणि फोनातला दुसराच खटका दाबला. वायरीतून नेट जातं ते पक्कं असतं, इकडं तिकडं गळत नाही, आणि फोनला लॅपटॉपकडून चार्जिंगही मिळतं. मी खटक्याचं नाव विचारलं. म्हणाला, “यूएसबी टेदरिंग.” टेदर म्हणजे काय रे? त्यानं डोकं खाजवलं, मग मोबाईलवर बघून हसला. “आबा, टेदर म्हणजे दावं. जनावर खुंट्याला बांधतात ते.”

दहावीपर्यंत इंग्रजी शिकलो, पण हा शब्द कुणी शिकवला नव्हता. शिकवला असता तर विसरलो नसतो.

मी जिन्याच्या वरच्या पायरीवर बसलो, कोंबड्या आणि शेळीचं करडू वर येऊ नये म्हणून. पाऊण तास झाला. मधे लाईट आली. मंडळी खालून बघत होती. मी तिला हातानं बागेकडं खूण केली. तिनं कपाळावर पदर ओढला आणि गेली कॉक फिरवायला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, पण ठिबकचा कॉक तिनं त्या दिवशी पहिल्यांदा फिरवला. एक उलटा फिरवला, ते संध्याकाळी कळलं.

सुनेची नोकरी राहिली. डाळिंबं त्या साली मिळेल त्या भावानं दिली, त्याचं सांगण्यासारखं काही नाही. पुढं दोघं पुण्याला परत गेले. आमच्या वस्तीवर तार अजून आलेली नाही. सून सणासुदीला येते तेव्हा लॅपटॉप घेऊन येते. टाकीजवळचा खिळा तसाच आहे, पिशवी बदलली.

परवा दिवाळीला आली होती. पाडव्याच्या आदल्या दिवशी तिला काहीतरी तातडीचं काम निघालं. मी स्लॅबवर, फोन मांडीवर. खाली तिचं बोलणं चालू. एवढ्यात विहिरीकडून मोटारीचा आवाज आला.

मी जिन्यातून खाली वाकून विचारलं, “सूनबाई, उठू का?”

तिनं कानातलं काढलं नाही. नुसता हात वर केला, थांबा म्हणून.