एकही किल्ला न करता

डोंगरात जाऊन आले असं पुण्यात कोणाला सांगितलं की लगेच प्रश्न येतो, "कुठला किल्ला केलास?" मला उंचीची भीती वाटते. पाठीला कडा आणि पायाखाली वीतभर पायरी, हे चित्र नुसतं डोळ्यांसमोर आलं तरी तळहाताला घाम फुटतो. त्यामुळे चावंड मी खालून पाहिला, जीवधनही खालूनच. तरीही नोकरीत बदली होऊन तळेघरला आल्यापासून मी जुन्नर-आंबेगावच्या मुलखात पुष्कळ चालले, आणि जे पाहिलं त्यात दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेखही आहे. एवढं सांगितलं तरी लोक विचारतात, "बरं, पण किल्ला?"

मंचरहून घोडेगाव, पुढे डिंभे, मग पोखरीचा घाट चढून वर आलं की भीमाशंकरच्या रस्त्यावर तळेघर लागतं. श्रावणात आणि महाशिवरात्रीला गाड्यांची रांग गावातून सरकत असते. त्यातले बहुतेक जण इथे फार तर चहापुरते उतरतात. मीही पूर्वी तशीच उतरून गेलेली. राहायला आले तेव्हा संध्याकाळी करायचं काय, हा प्रश्न पडला आणि मी ऑफिसात विचारलं, "इथे चालायला कुठे जातात?"

सगळे माझ्याकडे बघत राहिले. "कोणाकडं जायचंय मॅडम?" शिपाईदादांनी विचारलं. कोणाकडे नाही, नुसतं चालायला, म्हटल्यावर ते आणखी गोंधळले. इथली माणसं शेताला जातात, सरपणाला जातात, हिरड्याला जातात, पाहुण्यांकडे जातात आणि एवढ्या कामांत दिवसाला माझ्या आठवडाभराचं चालून होतं. काम नसताना चालायचं, तेही बूट घालून, हे त्यांना कोडं होतं. मला कोडं होतं ते वेगळंच. वाट कोणती आणि नुसती गुरांनी पाडलेली रेघ कोणती, हेच मला ओळखता येत नव्हतं.

शेवटी शेजारच्या मावशी म्हणाल्या, "चल, मी जातेच हाय खाचराकडं." माझ्या पाठीवर सॅक, त्यात पाण्याच्या बाटल्या, ग्लुकोज, बँडेज, बॅटरी, शिट्टी, हातात नवी घडीची काठी. शिट्टी कशाला, ते अजून मला माहीत नाही. इंटरनेटवरच्या यादीत होती म्हणून घेतली. मावशींच्या पायात प्लॅस्टिकच्या चपला, हातात कोयता, पदर कमरेला खोचलेला. साठी ओलांडलेली ही बाई बोलत बोलत चालायची आणि मला उत्तर द्यायला दम उरायचा नाही.

दिवस भातकापणीनंतरचे होते. खाचरं रिकामी, बांधांवर गवत वाळत आलेलं. उतारावर एकाखाली एक उतरत गेलेली ही खाचरं मी आजवर गाडीतून पाहिली होती आणि ती निसर्गतः तशीच असावीत अशी माझी समजूत होती. मावशी एका बांधापाशी थांबल्या. गुडघ्याएवढा दगडी बांध, मोठे दगड खाली, लहान वर, फटींत चिपा ठोकलेल्या, मातीचा लेप कुठेच नाही. "हा आम्ही पडकईत घातला," त्या म्हणाल्या. घरटी माणसं एकत्र यायची, आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या. दगड फोडायचे, बांध रचायचा, माती ओढून सपाट करायची. मजुरीऐवजी हातोहात परतफेड. या भागात काम करणाऱ्या 'शाश्वत' संस्थेने ही जुनी पद्धत उचलून धरली. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे दिला जाणारा इक्वेटर पुरस्कार 2012 साली या संस्थेला मिळाला. या बांधाला कोणी वारसा म्हणत नाही, पण इथे पुरातत्त्व खात्याची पाटी लागली असती तर मला नवल वाटलं नसतं.

पुढे हिरड्याची झाडं. मला हिरडा माहीत होता तो आयुर्वेदिक दुकानातल्या डबीतला. इथे उन्हाळ्यात अंगणोअंगणी कोवळा बाळहिरडा वाळत घातलेला असतो. तो विकून आलेल्या पैशांत पावसाळ्याचं मीठ-मिरची, बियाणं, मुलांची दप्तरं होतात. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं त्यात इथल्या हिरड्याचं किती नुकसान झालं, हे मावशी झाड दाखवून सांगतात. हे पडलं, ते निम्मं मोडलं, ह्याला दोन वर्षं काही लागलंच नाही.

रानाच्या तोंडाशी शेंदूर लावलेला दगड होता. वाघोबा. मावशींनी चपला काढल्या, मीही बूट काढू लागले. नाड्या सोडण्यात इतका वेळ गेला की त्यांचा नमस्कार होऊन त्या पुढेही निघाल्या. किती जुना असेल, असं मी विचारलं. "आमच्या आज्याच्या आधीचा," त्या म्हणाल्या. इतिहासाची तारीख विचारावी आणि असं उत्तर यावं, याची पुढे मला सवय झाली.

तारीख नक्की माहीत असलेल्या जागाही इथे आहेत, आणि त्या पाहायला कोणी येत नाही. घाटातून डिंभे धरणाचं पाणी दिसतं. त्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूंचं नाव आहे. ते याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे. विदेशी कापडाचा ट्रक अडवताना 12 डिसेंबर 1930 ला मुंबईत त्यांनी प्राण दिला. आणि ज्या गावावरून तालुक्याला नाव पडलं ते आंबेगाव याच पाण्याखाली गेलं. तालुका आंबेगाव, कारभार घोडेगावातून आणि आंबेगाव पाण्यात, हे समजून घ्यायला मला बराच वेळ लागला. त्याच खोऱ्यात माळीण. 30 जुलै 2014 च्या पहाटे डोंगर खचला, 151 माणसं गेली. त्यानंतर उतारावर यंत्रांनी केलेल्या सपाटीकरणावर बरीच चर्चा झाली. हातांनी घातलेला बांध आणि जेसीबीने ओरबाडलेला उतार यांतला फरक मला मावशींच्या खाचरात उभं राहिल्यावर कळला.

मग धीर आला आणि मी भीमाशंकर ते भोरगिरी चालायचं ठरवलं. सोबत ऑफिसातल्या दोघी आणि वाट माहीत असलेला एक तरुण. ही वाट बहुतांशी उताराची, झाडीतून, भीमेच्या सोबतीने जाणारी. सकाळी निघालं तर जेवणाच्या वेळेला भोरगिरी. भीमाशंकरचं देऊळ बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक. दर्शनाच्या रांगेत सगळ्यांच्या नजरा पुढे गाभाऱ्याकडे लागलेल्या असतात. मी तिथली घंटा बघत उभी राहिले. मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगिजांच्या चर्चमधल्या घंटा मराठे घेऊन आले. त्यांतली एक इथे आहे आणि तशीच एक वाईजवळ मेणवलीला. समुद्रकाठच्या चर्चमधली घंटा सह्याद्रीच्या माथ्यावर शंकरापुढे! ती घाट चढून कशी आणली असेल, या विचारात मी होते आणि मागचे लोक "चला, चला" करत होते.

देवळामागे गर्दी संपते ती एकदम. दहा मिनिटांत नुसतं जंगल. 1985 साली हे अभयारण्य झालं, मुख्यतः शेकरूसाठी. शेकरू हा आपला राज्यप्राणी. तो झाडावर असतो एवढं मला ठाऊक होतं, पण मी वाटेकडे बघत चालत होते, ठेच लागू नये म्हणून. सोबतचा मुलगा म्हणाला, "ताई, वर बघा की." दोन झाडांच्या फांद्या एकमेकींना भिडतात तिथे काटक्या-पानांचा मोठा गोळा होता. घरटं. नंतर तांबूस अंगाचा, झुपकेदार लांब शेपटीचा तो प्राणी या झाडावरून त्या झाडावर गेला आणि मी "अगं बाई" एवढंच म्हणू शकले. पुढे गुप्त भीमाशंकर लागतं. भीमा देवळाशी उगम पावून लुप्त होते आणि इथे पुन्हा प्रकटते, अशी श्रद्धा. पंढरपूरला जिला चंद्रभागा म्हणतात ती हीच, इथे मी ती दगडांवर पाय देऊन ओलांडली. भोरगिरीला कोटेश्वराचं देऊळ आहे, वर छोटा किल्लाही आहे. तो सोबतच्यांनी केला. मी खाली ओसरीवर बसून भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा खाल्ला.

नाणेघाटाची गोष्ट मात्र वेगळी. ठाणे-मुरबाडकडचे ट्रेकर तो वैशाखऱ्याच्या बाजूने, कोकणातून चढून येतात. आमच्या जुन्नरच्या बाजूने घाटमाथ्यापर्यंत गाडीचा रस्ता आहे. म्हणजे चालायचं ते निव्वळ हौसेने. आम्ही जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याला लागलो, एका बाजूला माणिकडोह धरणाचं पाणी. वाटेत पूर गावात कुकडेश्वराचं देऊळ पाहिलं. कुकडी नदीचा उगम इथला. झंझ राजाने बारा नद्यांच्या उगमाशी बारा शिवालयं बांधली असं सांगतात. रतनवाडीचा अमृतेश्वर त्यांतलाच, प्रवरेवरचा. कुकडेश्वराला शिखर उरलेलं नाही, त्यामुळे लांबून ते देऊळ वाटतच नाही. आत शिरलं आणि डोळे अंधाराला सरावले की खांबांच्या माथ्यावर छताचा भार पेलणारे यक्ष दिसू लागतात, पोट सुटलेले, गुडघे वाकवलेले, चेहऱ्यावर श्रम. चढावर माझा चेहरा असाच होत असणार.

घाटघरपासून पुढे पायी. पठार सपाट, गवत कमरेइतकं आणि सोनेरी, डाव्या हाताला जीवधनचा काळा कातळ. याच किल्ल्यात ठेवलेल्या निजामशाहीच्या बालवारसाला शहाजीराजांनी बाहेर काढलं आणि पेमगिरीला त्याच्या नावाने कारभार मांडला. मी मान वर करून तो कडा पाहिला, हात जोडले आणि पुढे निघाले.

घाटाच्या तोंडाशी प्रचंड दगडी रांजण आहे, जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगितलं जातं. तिथून जमीन संपते आणि खाली कोकण उघडतं. कल्याण आणि सोपाऱ्याच्या बंदरांत उतरलेला माल या दगडी वाटेने वर यायचा, जुन्नरला आणि पुढे पैठणकडे. थोडं खाली उतरलं की डाव्या-उजव्या भिंती अक्षरांनी भरलेलं लेणं. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख, ब्राह्मी लिपीतला. अश्वमेध, राजसूय आणि इतर यज्ञ, त्यांत दिलेली दक्षिणा: 1,700 गाई, 24,400 कार्षापण. हे आकडे अक्षरांत न लिहिता चिन्हांनी लिहिले आहेत आणि आपल्या देशातल्या अंकचिन्हांच्या अगदी जुन्या नमुन्यांत त्यांची गणना होते. मला त्यातलं एक अक्षरही वाचता येत नव्हतं. मागच्या भिंतीवर सातवाहन घराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. सिमुक, सातकर्णी, नागनिका. पुतळे नष्ट झाले, पायांच्या खुणा आणि वरची नावं तेवढी राहिली. मी त्या रिकाम्या जागेपुढे उभी होते. शेजारी एक कुटुंब वेफर्स खात विचारत होतं, "इथे बघायला काय आहे?" त्यांना काय उत्तर द्यावं ते मला सुचलं नाही, पण प्रश्न मला पटला. कारण जकातीची ही वाट पायांनी चालत आल्याशिवाय इथे या खोलीची गरज काय होती हे कळत नाही. गाडीतून उतरून पाहिलं तर ती एक ओलसर गुहा.

चालत पाहण्याची अशी सोय दुसरीकडे आहे. पोलंडमध्ये क्राकूफपासून चेंस्तोहोवापर्यंत जुन्या गढ्या जोडत जाणारी 'गरुडांच्या घरट्यांची वाट' आहे, दीडशेहून अधिक किलोमीटरची. झाडांवर आणि दगडांवर पांढरा-लाल-पांढरा पट्टा दिसत राहिला की आपण वाटेवर आहोत. म्हातारीकोतारी माणसंही विनासायास चालतात, एखाद्या गढीत न शिरताही. आपल्याकडे गिर्यारोहणाच्या संस्था आहेत, किल्ल्यांवर शेकड्याने पुस्तकं आहेत. पण घाटघर ते नाणेघाट, भीमाशंकर ते भोरगिरी असल्या मऊ वाटांना कोणी मोजतच नाही. माझ्यासारख्यांना त्यांचीच गरज असते. रंगाचा पट्टाही नको, गावातल्या माणसाला विचारायची सवय पुरे, आणि त्याच्या वेळेचे पैसे त्याला द्यायची.

तेव्हा जायचं असेल तर दिवाळीनंतर जा, गवत वाळलेलं असतं आणि वाट दिसते. पावसाळ्यात भीमाशंकरच्या काही वाटा वनखातं बंद ठेवतं, आधी चौकशी करा. शनिवार-रविवार टाळा. जुन्नरहून घाटघरची एसटी आहे, भोरगिरीहून राजगुरुनगरची. परतीची शेवटची गाडी कधी ते उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. जेवण गावातल्या घरी सांगा. आणि नाणेघाटातल्या लेण्यात शिरलात तर अक्षरं नीट दिसावीत म्हणून त्यांवर खडू ओढू नका, पाणी मारू नका. आधीच पुसट झालेली आहेत ती.