आक्काच्या हाताबद्दल दाजींना

छत्रपती संभाजीनगर

ती. दाजी यांस,


फोनवर हे नीट बोलणं होत नाही, शेजारी आक्का असते, म्हणून चकलांब्याला पत्र पाठवते आहे. सावकाश वाचा.

तुम्ही विचारलंत, हाड जुळलं, प्लास्टर निघालं, मग अजून दुखतंय कशाला? प्रश्न रास्त आहे. ट्रकमध्ये उसाची मोळी चढवताना फळीवरून पाय घसरला, तिनं हात टेकवला आणि मनगट मोडलं. ते जुळलंसुद्धा. आता दुखतंय ते हाड नव्हे. डॉक्टरांनी कागदावर लिहिलेला आजार, ‘कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम’, हा दुखापतीनंतर मागे राहणाऱ्या वेदनेचा आजार आहे. राखणीचा कुत्रा चोर निघून गेल्यावरही भुंकत राहावा आणि पुढं घरच्या माणसांवरही धावून जावा, तसं तिच्या नसांचं झालंय. म्हणून पंख्याचा वारा लागला, पदर घासला तरी ती कळवळते.

एकदा दोन्ही हात उजेडात शेजारी शेजारी ठेवून बघा. दुखरा हात सुजलेला, कातडी ताणून चकाकणारी, रंग कधी लालसर तर कधी निळसर. दोन्ही तळहातांना तुमचा हात लावा, ऊब वेगळी लागेल. घामही वेगळा. नखं, लव यांची वाढ बदललेली. रक्तवाहिन्या आणि घाम यांच्यावर ताबा ठेवणाऱ्या नसाच बिघडल्या की असं होतं. हे सगळं माणसाला सहज सोंग म्हणून आणता येत नाही. दाजी, माझं सगळं म्हणणं या एका वाक्यात आहे. या आजाराला एकच एक रक्ततपासणी किंवा एमआरआय नसतो. डॉक्टर हीच लक्षणं बघून, हात तपासून निदान करतात. त्याचे नियम 2003 मध्ये बुडापेस्टच्या बैठकीत ठरले आणि जगभर तेच वापरतात.

आक्का हाताला ओलं फडकं गुंडाळून बसते, याचा तिच्या सासूबाईंना राग येतो ना? मग हे ऐका. अमेरिकेतल्या यादवी युद्धात सायलस वेअर मिचेल नावाच्या डॉक्टरांनी गोळी लागून नसा दुखावलेल्या सैनिकांना तपासलं. जखमा भरल्या होत्या, पण अंगाची आग थांबत नव्हती. कोरडा स्पर्श सोसवेना म्हणून ते सैनिक हातावर ओली फडकी ठेवत, कुणी तर बुटात पाणी ओतून चालत. मिचेल यांनी सहकाऱ्यांसोबत 1864 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. युद्धात तोफांसमोर उभे राहिलेले गडी होते ते. त्यांना कुणी नाजूक म्हणणार नाही, मग आक्काला का म्हणायचं? कोपीत राहून, पहाटेपासून फडात राबून, वर स्वयंपाक करणारी बाई ती. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त होतो, आणि तो झालेल्यांत मनगट मोडलेले बरेच असतात.

परवा ती मला म्हणाली, ‘तोडून टाका हा हात, माझा वाटतच नाही.’ मला रडू आलं. हात परका वाटणं हेही याच आजाराचं लक्षण आहे, मेंदूत त्या हाताची जी ओळख असते तीच पुसट होते. पण हात तोडला तरी वेदना जाईल याची खात्री नसते, ती राहिलेल्या भागात पुन्हा उभी राहू शकते. आपल्या जिल्ह्यात दुखणाऱ्या बायकांना ‘गर्भपिशवी काढून टाक’ म्हणून मोकळं होणारे कमी नव्हते. 2019 मध्ये सरकारी समितीसमोर तसे हजारो ऑपरेशनांचे आकडे आले. तोडाकाढीचा सल्ला कुणीही दिला तरी आधी मला फोन करा.

हात गळ्यात अडकवून ठेवू देऊ नका. न हलवल्यानं सांधे आखडतात आणि दुखणं वाढतं. हलवायचा, पण तिचा तिनंच आणि तिच्या मर्जीनं. दुसऱ्या कुणी ओढून सरळ करायचा नाही. बिब्बा, डागणी, जोराची मालिश नको, बर्फही नको. आधी कापसाचा बोळा, मग मऊ सुती कापड, मग टॉवेल, असे स्पर्श दुखऱ्या जागेच्या वरच्या बाजूनं सुरू करून खाली आणायचे. ते सोसू लागले की परातीत ज्वारी घेऊन बोटं फिरवायची. थोडा वेळ, पण दिवसातून बऱ्याचदा. आरशाचा व्यायाम मी समोर बसून शिकवीन. त्यात दुखरा हात आरशामागे ठेवून चांगल्या हाताचं प्रतिबिंब बघत दोन्ही हात हलवायचे असतात, म्हणजे मेंदूला दुखरा हात न दुखता हलताना दिसतो. गोळ्या डॉक्टर देतील त्याच. गरज पडली तर मानेजवळच्या नसांच्या गाठीत इंजेक्शन देतात, त्यानं काहींना आराम पडतो.

बऱ्याच जणांचं पहिल्या वर्षात हलकं होतं. काहींचं राहतं. मी खोटी आशा दाखवणार नाही, पण उपचार लवकर आणि नेमानं झाले तर हात कामाचा होण्याची शक्यता पुष्कळ आहे.

आता अवघड बोलणं. मुकादमाकडून दोघांची मिळून आगाऊ उचल घेतली आहे, हे मला माहीत आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता, ती गेली नाही तर तुमचा हिशेब अर्धाच राहतो. पण या हंगामात तिला फडावर नेऊ नका. मोळी बांधून डोक्यावर घेणं या हातानं होणार नाही, आणि बळजबरीनं केलं तर आत्ता जेवढा हलतो तेवढाही हलायचा नाही. दसऱ्याआधीच मुकादमाला सांगा, टोळी निघताना सांगितलं तर भांडण होईल. तिच्या वाट्याच्या उचलीपैकी जमेल तेवढं मी देते, त्यात संकोच करू नका.

पुढच्या आठवड्यात तिला गेवराईहून बसनं घेऊन या, घाटी दवाखान्यात मी सोबत येईन. जुने-नवे दोन्ही एक्स-रे आणि गोळ्यांची पाकिटं पिशवीत घाला. आणि तुम्ही स्वतः या, दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नका. डॉक्टर सांगतील ते तुमच्या कानावर पडायला हवं.

तुमची मेहुणी