उशीला सांगून झोपावं

आमच्या यमुनानगरात पहाटे साडेचारच्या सुमाराला एकेका खिडकीत दिवा लागतो. बादलीत पाणी पडतं, लायटरची टकटक होते, मग जिन्यात सेफ्टी शूजचे जड पाय वाजतात. ही फर्स्ट शिफ्टची माणसं. चाकणला जाणारी कंपनीची बस निगडीच्या चौकात जेमतेम मिनिटभर थांबते. ती चुकली की मोशीपासून पुढे नाशिक रस्त्यावरची गर्दी, गेटवर उशिराची नोंद आणि सुपरवायझरची बोलणी. म्हणून प्रत्येकाच्या उशाशी गजर लावलेला असतो. गंमत अशी की बहुतेकांचा गजर वाजायच्या आधीच बंद केला जातो.

माझी आजी गजर लावायचीच नाही. कुणाला पहाटेची एसटी गाठायची असली की ती म्हणायची, “उशीला सांगून झोप गं, चारला उठव म्हणावं.” स्वतःही सांगायची, उशीवर हलकेच टिचक्या मारून, शेजारणीला निरोप द्यावा तशी. आम्ही मुलं हसायचो.

पुढे वाचनात आलं की १९९९ साली ‘नेचर’मध्ये नेमक्या याच गोष्टीवर एक छोटा लेख छापून आला होता. जर्मनीत ल्युबेकच्या यान बॉर्न आणि सहकाऱ्यांनी १५ जणांना प्रयोगशाळेत झोपवून रात्रभर त्यांच्या रक्ताचे नमुने घेतले. ज्या रात्री ‘सहाला उठवू’ असं सांगितलं होतं, त्या रात्री उठण्याच्या तासभर आधीपासूनच एसीटीएच नावाचं संप्रेरक रक्तात चढू लागलं. दिवसाच्या ताणाला तोंड द्यायची तयारी शरीर याच संप्रेरकाच्या हाताखाली करतं. आणि ज्या रात्री ‘नऊला’ असं सांगून सहालाच उठवलं, त्या रात्री ही आधीची चढण दिसली नाही. माणसं गाढ झोपलेली, पण सांगितलेली वेळ आत कुठेतरी जागी होती. उशीने निरोप पोचवला होता म्हणायचा.

यावर कुणी म्हणेल, मेंदूत घड्याळ असतंच की. असतं. डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचं. पेशींमधलं घड्याळ चालतं कसं हे उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश आणि यंग यांना २०१७ चं नोबेलही मिळालं. पण हे घड्याळ साधारण एका दिवसाचं. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ मध्ये एक दिवसाआड पाणी सुरू झालं, तेव्हापासून मी पाण्याच्या दिवशी नळ फुरफुरायच्या आधी जागी असते आणि बिनपाण्याच्या दिवशी खुशाल लोळत पडते. ‘आज आहे, उद्या नाही’ हा हिशेब त्या पेशींना कुणी शिकवला? तो मीच रात्री पिंप घासताना डोक्यात घालून ठेवलेला असतो.

अर्थात यात थोडी लबाडीही आहे. गजराआधी जाग आलेली सकाळ आपण चारचौघांत सांगतो. गजर दाबून पुन्हा झोपलेल्या सकाळी विसरतो. बाबांचं किल्लीचं घड्याळ तर वाजायच्या आधी ‘टक्’ असा बारीक आवाज करायचं. त्यांच्या पहाटेच्या जागेचं निम्मं श्रेय त्या टक्‌ला द्यायला हवं. पण निम्मंच.

चाकणला कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांचं पाहावं. एका खोलीत पाच-सहा जण, कुणी फर्स्टला, कुणी सेकंडला, कुणी नाईट करून नुकताच आडवा झालेला. तिथे एकाचा गजर म्हणजे सगळ्यांची झोपमोड. आमच्या वरच्या मजल्यावरचा एक मुलगा आधी असाच राहिला होता. तो म्हणाला, “काकू, गजर वाजला की शिव्या पडायच्या. म्हणून आधीच जाग यायला लागली.” तो काँट्रॅक्टवर होता, खाडा झाला की पगार कापला जाणार, आणि कदाचित पुढचं काँट्रॅक्टही नाही. मनाची शरीरावर सत्ता म्हणून आपण जिचं कौतुक करतो, ती बऱ्याचदा अशी धास्तीतून आलेली असते. वारीला निघणाऱ्यालाही पहाटे आपोआप जाग येते, पण त्या जागेची जात वेगळी.

आणि ही सत्ता एकाच दिशेने चालते. ऊठ म्हटलं तर शरीर उठतं. झोप म्हटलं तर झोपत नाही. नाईट करून येणारा माणूस सकाळी बसच्या खिडकीत बसतो, तेव्हा ऊन सरळ डोळ्यांवर येतं आणि त्या २०,००० पेशींना दिवस उजाडल्याची वर्दी देतं. मग घरी येऊन त्याने उशीला कितीही विनवलं तरी तिचं तिथे काही चालत नाही. वरच्या मजल्यावरच्या त्या मुलाने खिडकीच्या काचांना काळा कागद लावलाय. खाली भाजीवाला ओरडतो, शेजारी कुकरच्या शिट्ट्या होतात, अकराला कुणीतरी कुरिअर घेऊन बेल वाजवतं. आठवडाभर झगडून शरीर जरा वळणावर येतं, तोवर शिफ्टच्या बोर्डावर नवा आठवडा लागतो आणि सोमवारी तो पुन्हा फर्स्टला असतो.