पानिपतच्या वाटेवरचे रंग

दिल्लीहून पानिपतला निघालेल्या मराठी माणसाच्या मनात १७६१ साल असते. सुमारे ९० किलोमीटरच्या त्या प्रवासात खिडकीबाहेर पाहण्यासारखे काही असेल, हे त्याच्या ध्यानीही येत नाही. पण हा रस्ता म्हणजे जुना ग्रँड ट्रंक रोड! गाझियाबादकडून येऊन, शाहदऱ्यातून यमुना ओलांडून तो करनालच्या दिशेला लागतो. वाटेत मुरथलचे प्रसिद्ध ढाबे. गरमागरम पराठा, त्यावर पांढऱ्या लोण्याचा गोळा आणि समोर फुलापानांनी रंगवलेले ट्रक.

यात कला ती कसली, असे कुणीही म्हणेल. जयपूरचे छायाचित्रकार रघुवीर सिंह (१९४२-१९९९) यांना मात्र ती अशा रस्त्यांवरच सापडली. ग्रँड ट्रंक रोडवरचे त्यांचे रंगीत छायाचित्रांचे पुस्तक १९९५ साली प्रसिद्ध झाले.

एके काळी रंगीत फोटो म्हणजे लग्नाचा अल्बम, कॅलेंडर नाहीतर जाहिरात. कलेचा फोटो कृष्णधवलच, असा जाणकारांचा समज होता. अमेरिकेत विल्यम एगलस्टन यांनी लहान मुलाची तीनचाकी सायकल, घरातले छत असे साधेसुधे विषय रंगात टिपले. १९७६ साली न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये ती छायाचित्रे लागली, तेव्हा अनेक समीक्षकांनी नाके मुरडली. गंमत म्हणजे, गंगेवरचे रघुवीर सिंह यांचे रंगीत पुस्तक त्याआधीच, १९७४ साली आले होते! रंग ही भारतीयांसाठी वरवरची सजावट नाही, आपली नजरच रंगांची आहे, असे ते मानत.

अ‍ॅम्बेसेडर मोटारीतून त्यांनी देशभर भटकंती केली. तिच्या खिडक्या-आरशांच्या चौकटीत टिपलेल्या छायाचित्रांचे पुस्तक त्यांच्या निधनानंतर, २००२ साली निघाले. ज्या कोडाक्रोम फिल्मवर त्यांनी काम केले, तिचे उत्पादन २००९ साली थांबले. अ‍ॅम्बेसेडरही २०१४ साली बंद झाली. रोजच्या वस्तू अशाच गुपचूप निघून जातात. उरतो तो फोटो.

पानिपतला पोहोचल्यावर काला आंब स्मारकापाशी सारे कुटुंब हौसेने फोटो काढते. तो काढायलाच हवा. पण लढायांची स्मारके होतात, साध्या दिवसांची होत नाहीत. म्हणून एखादा फोटो वाटेतल्या ढाब्याचाही काढावा, अगदी समोरच्या ट्रकसकट!