दोष कोणाचा?

घोडनदीकाठी शिरूरला काय आणि भीमेकाठी दौंडला काय, तान्ह्याची कावीळ कोवळ्या उन्हाने जाते, असे आम्ही वडीलधारी सांगत आलो. बहुतेकदा ती दोन आठवड्यांत ओसरतेही. त्यानंतरही डोळे पिवळे, लघवी गडद आणि शी पांढुरकी राहिली, तर मात्र पित्तनलिका बंद असू शकते. माळ-मंत्रात दिवस दवडू नका.

माझ्या नातीला हाच आजार निघाला, तेव्हा घरात पहिला प्रश्न उठला : दोष कोणाकडचा? अलाजील विकारासारखे काही दोष जनुकांतून येतात. पित्तनलिका बुजण्याचा आजार मात्र सहसा वंशपरंपरागत नसतो.

१९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉक्टरांनी बालयकृताच्या दुसऱ्या एका आजाराचा संबंध पितळी भांड्यांतील दुधात उतरणाऱ्या तांब्याशी जोडला. भांडी बदलली, तो आजार मावळला. कारण शोधल्याने मुले वाचतात, दोष दिल्याने नव्हे.

जपानच्या मोरिओ कासाई यांनी १९५९ साली मांडलेली शस्त्रक्रिया ६० दिवसांच्या आत अधिक फलदायी ठरते. नातीची पन्नासाव्या दिवशी झाली. शीला पुन्हा पिवळा रंग आला, तपासण्या चालू आहेत. सुनेला बोल लावण्याआधी बाळाचे लंगोट पाहावे.